इन्स्पेक्शनवाल्यांचा उजवा हात

"तुम्ही हिंजवडीत राहता आणि हिंजवडीतच पोचायला तुम्हाला उशीर होतो. मी कसबा पेठेतून दोन बस बदलून येतो आणि वीस मिनिटं आधी येतो. आपल्या दोघांत अपंग कोण, ते एकदा तुमच्या त्या फॉर्मवर लिहून टाका."

हे आमचं पहिलं संभाषण. संभाषण म्हणायचं ते एवढ्याचसाठी, की मध्ये मी एकदा "सॉरी" म्हटलं होतं. पुढे खुलासा म्हणून "मी येऊनच राहिले होते" असंही म्हणाले. मी अमरावतीची. आमच्याकडे असंच बोलतात.

"येत होतात की येऊन राहिलात?" त्यांनी विचारलं. "राहायलाच आला असाल तर अंथरूण-पांघरूण आणा. इथे खुर्च्यासुद्धा धड नाहीत."

मी तेव्हा कृत्रिम हात बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत चाचणीच्या कामावर नवीन लागले होते. आमचा हात पट्ट्यांनी खांद्याला बांधायचा नव्हता. ऑपरेशन करून दंडाच्या उरलेल्या हाडात टायटॅनियमचा दांडा बसवायचा, त्याचं टोक कातडीतून बाहेर ठेवायचं आणि त्या टोकावर हात अडकवायचा. दांड्याच्या आतून तारा जायच्या, त्या थेट नसांना आणि उरलेल्या स्नायूंना जोडलेल्या. माणसाने मनात मूठ मिटायची म्हटली की बोटं मिटणार, उघडायची म्हटली की उघडणार. कंपनीच्या पत्रकात याला 'विचारांच्या वेगाने चालणारा हात' असं म्हटलं होतं. ते वाचून पहिल्या संभाषणातले ते गृहस्थ म्हणाले, "कोणाच्या विचारांच्या? तुमच्या सरांच्या असतील तर मी जेवून येतो."

ते आमचे पहिले पेशंट. पण पेशंट म्हटलेलं त्यांना खपत नसे. "पेशंट दवाखान्यात असतो. इथे तुम्ही माल बनवता आणि मी तो तपासतो." साठी ओलांडलेली, अंगकाठी किडकिडीत, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट आणि उजवी बाही दंडावर दुमडून आतून सेफ्टी पिन लावलेली, म्हणजे पिन दिसू नये. भोसरीच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये काढली होती. मशीनवर जे सुटे भाग बनतात ते मोजायचे आणि केसभर जरी चुकले असतील तरी परत पाठवायचे, हे काम. उजवा हात गेल्यावर तेच काम डाव्या हाताने केलं. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्यांनी आठवडाभर तपासलं आणि मागे पडतं म्हणून परत नेऊन दिलं.

कारखान्यात नापास मालाला लाल चिठ्ठी बांधतात. तसल्या चिठ्ठ्यांचं एक बंडल त्यांच्या पिशवीत कायम असे. आमच्या लिफ्टला त्यांनी चिठ्ठी बांधली. कँटीनच्या चहाच्या थर्मासला बांधली. पुतण्याच्या लग्नपत्रिकेत ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका निघाल्या, तेव्हा ती पत्रिका चिठ्ठी लावून भावाकडे परत गेली. लग्नाला मात्र ते गेले. "जेवण पास केलं," म्हणाले.

मी पहिल्या आठवड्यात त्यांना 'काका' म्हणून पाहिलं. "मी तुमचा काका नाही. असतो तर तुमच्या वडलांना वेळीच सावध केलं असतं." तेव्हापासून तोंडावर 'अहो' आणि पाठीमागे 'इन्स्पेक्शनवाले'. त्यांनी मला मात्र 'मॅडम' म्हणायचं सोडलं नाही. त्या शब्दात किती आदर होता हे मी कधी मोजलं नाही. मोजण्यासारखं फारसं नव्हतं.

हात कसा गेला, हे विचारणाऱ्या प्रत्येकाला ते वेगळं उत्तर देत. फिजिओथेरपीच्या बाईंना सांगितलं, "बसमध्ये विसरलो." माहितीपत्रकासाठी मुलाखत घ्यायला आलेल्या मुलीला सांगितलं, "वाटण्या झाल्या, तो भावाकडे गेला." आमचे सर, म्हणजे कंपनीचे प्रमुख, चेहरा शक्य तितका गंभीर करून विचारायला आले, तर त्यांना म्हणाले, "दोन होते. एकात भागेल असं वाटलं."

आमच्या चाचण्यांबद्दल त्यांचं मत पहिल्याच दिवशी ठरलं. लाकडी ठोकळे एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात टाकायचे, कपड्यांचे चिमटे आडव्या दांडीवरून काढून उभ्या दांडीला लावायचे, असल्या त्या चाचण्या. जगात सगळीकडे याच होतात असं मी सांगितलं. "जगात सगळीकडे माणसं घरी ठोकळे खेळतात का?" त्यांनी विचारलं. "दोन ऑपरेशनं करून घेतली मी, ती काय बालवाडीत प्रवेश मिळावा म्हणून?" दुसऱ्या दिवशी ते एक फुलस्केप वही घेऊन आले. डाव्या हाताचं अक्षर, पण छापल्यासारखं. त्यात त्यांच्या चाचण्या होत्या: कुकरचं झाकण लावणे. दुधाची पिशवी न सांडता कापणे. पायजम्याची नाडी बांधणे. फुलांच्या पुडीचा दोरा सोडणे. भांडणात बोट दाखवणे. शेवटची चाचणी त्यांनी सरांवर घेतली आणि हात पास केला.

त्यांची चेष्टा एका ठिकाणी मात्र थांबली होती. फॉर्मवर प्रश्न होता, वेदना आहेत का? त्यांनी लिहिलं होतं, "आहेत. नसलेल्या जागी." हात गेला त्या क्षणी मूठ वळलेली होती आणि तेव्हापासून ती तशीच वळलेली असल्याचं त्यांना जाणवत असे. हात नाही, पण मूठ आहे आणि नखं तळव्यात रुततात. एवढी वर्षं. हे असं अनेकांना होतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकातलं वाचून माणूस किती शहाणा होतो, हे त्यांनी हात पहिल्यांदा जोडला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "आता उघडा." टेबलावरची काळी बोटं सावकाश उघडली. ते त्या बोटांकडे बघत राहिले, मग उठले आणि जिन्यात जाऊन उभे राहिले. दहा मिनिटांनी मी मागोमाग गेले.

"काही त्रास होतोय का?"

"नाही. मूठ उघडली."

मग ते म्हणाले, "तुमच्या फॉर्ममध्ये याला रकाना नाही. मी बघितलं."

काही महिन्यांनी हात घरी नेण्याची परवानगी मिळाली. त्यांच्या पत्नी एकदा सोबत आल्या होत्या. मी विचारलं, आता घरात मदत होत असेल ना? "आधी दोन होते तेव्हा तरी कुठे होत होती?" त्या म्हणाल्या. मला वाटलं होतं, हा स्वभाव त्यांच्या एकट्याचा आहे. तो घरचा निघाला.

मग बसचा प्रकार झाला. संध्याकाळी घरी जाताना बस भरलेली होती, तेव्हा त्यांनी नव्या हाताने वरची दांडी धरली. डाव्या हाताने धरता आली असती. पण इतक्या वर्षांनी उजव्या हाताने दांडी धरायची, तीही चारचौघांत, एवढी हौस लाल चिठ्ठीवाल्या माणसालाही असते. ड्रायव्हरने जोरात ब्रेक मारला, हे पुढे फेकले गेले आणि हात दांडीला तसाच. त्यांचा स्टॉप आला. हात सुटेना. जितकं ओढावं तितकी मूठ आवळायला लागली.

"अहो काका, दांडी सोडा की," कंडक्टर म्हणाला.

"मी सोडली आहे. हात सोडत नाहीये."

"मग हाताला सांगा."

"त्यालाच सांगतोय. तुम्ही मध्ये बोलू नका, त्याचा गोंधळ होतो."

ते शेवटच्या स्टॉपपर्यंत गेले. बस रिकामी झाली, उभी राहिली, ओढ थांबली आणि दमून त्यांनी खांदा सैल सोडला, तेव्हा कुठे मूठ उघडली.

दुसऱ्या दिवशी वहीत सगळं लिहून आणलेलं होतं. कुठे उभे होते, हात किती वर होता, ब्रेक कुठे लागला, मूठ किती वेळ सुटली नाही. आम्ही लगेच चाचणी घेतली. त्यांना खुर्चीत बसवलं, हातात दोरी दिली आणि मी ती तीस वेळा ओढली. तीसही वेळा हात सुटला.

"तुम्ही सांगून ओढता," ते म्हणाले. "बसने सांगितलं नव्हतं."

सरांनी वही चाळली. "एकच घटना आहे. वापरणाऱ्याची चूकही असू शकते." तीन आठवड्यांनी बाहेरचे पाहुणे हाताचं प्रात्यक्षिक बघायला येणार होते, त्यामुळे सरांना चूक कोणाची असावी हे आधीच माहीत होतं. रिपोर्ट मी लिहायचा होता. मी लिहिलं, "सदर दोष चाचणीत पुन्हा आढळला नाही." यातला प्रत्येक शब्द खरा होता. खऱ्या शब्दांचं खोटं वाक्य करणं हीसुद्धा एक कला आहे आणि त्या दिवशी मी त्यात पास झाले.

त्यांनी रिपोर्ट वाचला. मी लाल चिठ्ठीची वाट बघत होते. त्यांनी कागद परत दिला आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे."

त्याच आठवड्यात वैशाली आली. लोणी काळभोरची, तिशीच्या आतली. कडबा कापायच्या यंत्रात तिचा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत गेला होता. तिच्या हाडात दांडा बसवून झाला होता आणि प्रात्यक्षिकानंतरच्या आठवड्यात तिला हात जोडायचा होता. मी दोघांची ओळख करून दिली. एरवी नवीन माणसाला ते आधी दोन टोमणे मारून बघत. तिला त्यांनी सरळ विचारलं, "हात आल्यावर पहिल्यांदा काय धरणार?"

"दावं," ती म्हणाली. "दोन गाया हायेत. एका हाताने गाय आवरत न्हाई. सासूबाई धरत्यात, पण त्यांचे गुडघे गेलेत."

"गायीने ओढ घेतली तर?"

"मग सोडायचं की दावं. गायीपुढं कोण जोर करतंय."

ते माझ्याकडे बघत होते. मला दुसरीकडे बघायला टेबलावरचे ठोकळे होते. पट्ट्यांनी बांधलेला हात असता तर गायीने तो उपटून नेला असता आणि बाई मागे राहिली असती. आमचा हात हाडात होता. तो निघणार नव्हता, तेच तर आमच्या पत्रकात मोठ्या अक्षरांत छापलं होतं. मूठ सुटली नाही तर गाय आधी वैशालीला फरफटत नेणार होती आणि मग हाड मोडणार होतं.

मग तिने त्यांना विचारलं, "तुमचा कशात गेला?" मी नव्या उत्तराची वाट बघत होते.

"प्रेसमध्ये," ते म्हणाले. "पत्रा दाबायचं मशीन. पुढची जाळी काढून ठेवली होती, काम भरभर व्हावं म्हणून. रोज सकाळी तपासून कागदावर सही करायची असते. जाळी नाही, हे मला दिसत होतं. मी 'ठीक' लिहून सही केली. दुपारी पत्रा अडकला. मशीनवरच्या माणसाला म्हटलं, थांब, मी काढतो."

वैशालीने ऐकून घेतलं. तिने मान हलवली, एवढंच. मला ते ऐकायला मिळालं ते मी तिथे होते म्हणून. मला सांगितलेलं नव्हतं आणि मलाच सांगितलेलं होतं.

जाताना दारात ते म्हणाले, "मॅडम, हे आता चाचणीत घ्या." मी सरांकडे गेले. सर म्हणाले, प्रात्यक्षिक होऊन जाऊ दे, मग बघू. मी "बरं" म्हणाले. मला तो एकच शब्द पुणेरी पद्धतीने म्हणता यायचा.

प्रात्यक्षिकाला लाल फीत होती, तबकात कात्री होती आणि गुलाबाची फुलं होती. कार्यक्रम ठरलेला: पाहुण्यांशी हस्तांदोलन, कपात चहा ओतणे, फूल देणे. त्यांनी तिन्ही गोष्टी इतक्या नीट केल्या की सरांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. टाळ्या झाल्या. मग त्यांनी पिशवीतून सुताची जाड दोरी काढली. एक टोक उजव्या मुठीत धरलं, दुसरं प्रमुख पाहुण्यांच्या हातात दिलं. पाहुणे चांगले आडव्या अंगाचे होते.

"मी आता इकडे तिकडे बघतो. तुम्हाला वाटेल तेव्हा ओढा. मला सांगू नका."

सर हसत म्हणाले, "हे कार्यक्रमात नाहीये."

"बसमध्येही नव्हतं," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

पाहुण्यांनी गंमत म्हणून हिसका दिला. ते दोन पावलं पुढे ओढले गेले. "सोडतोय," ते शांतपणे म्हणाले. मूठ सुटली नाही. पाहुण्यांना वाटलं रस्सीखेच आहे. त्यांनी पाय रोवून आणखी जोर लावला. "सोडतोय," ते पुन्हा म्हणाले, आणि आता त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. दुमडलेल्या बाहीखाली, दांडा जिथे कातडीतून बाहेर येतो तिथे शर्टावर लाल डाग पसरायला लागला. सगळे बघत होते आणि मीही बघत होते. मग मी तबकातली कात्री उचलली आणि दोरी कापली. सुताची दोरी फितीसारखी कापली जात नाही; तीन-चार वेळा कात्री चालवावी लागली.

पाहुणे खुर्चीत कोसळले. हे भिंतीला टेकले. दोरीचा तुकडा अजून मुठीत होता.

"पाहुण्यांना लागलं नाही ना?" त्यांनी विचारलं. मग माझ्याकडे वळले. "आता आढळला का?"

चाचण्या थांबल्या. सरांनी त्याला विश्वासघात म्हटलं आणि विश्वास नेमका कोणाचा, हे सांगायचं राहून गेलं. मी नवीन रिपोर्ट लिहिला. त्यात बस घातली, वही घातली आणि माझं आधीचं वाक्यही घातलं. वैशालीला हात मिळणं लांबणीवर पडलं. ती फोनवर म्हणाली, "गाय काय, थांबती."

त्यांची जखम मात्र थांबली नाही. दांड्याभोवतीची कातडी फाटली होती, तिथे पू झाला, औषधं झाली, रोजचं ड्रेसिंग झालं, आणि शेवटी डॉक्टरांनी दांडाच काढला. पुन्हा बसवता येईल असं हाड राहिलं नाही. मी कसबा पेठेत त्यांच्या घरी गेले तेव्हा ते डाव्या हाताने शेंगा सोलत होते. बाही पूर्वीसारखीच दुमडलेली, पिन आतून.

"मूठ?" मी विचारलं.

"वळली परत. तिला सवय आहे."

मी त्या वाक्याबद्दल माफी मागितली. वाटेत बरंच काही बोलायचं ठरवलं होतं, तोंडातून एवढंच आलं, की ते वाक्य मी लिहायला नको होतं.

"वाक्य चुकीचं नव्हतं," ते म्हणाले. "चुकीचं असतं तर कोणीतरी पकडलं असतं." आणि शेंगांचं ताट माझ्यापुढे सरकवलं. "नुसत्या बसू नका. तुम्हाला दोन आहेत."

दोष सापडला, तो सापडल्यावर फार साधा वाटला. अचानक ओढ बसली की घाबरून दंडाचे सगळे स्नायू एकदम आवळतात, आणि हातातलं यंत्र समजायचं की माणसाला मूठ आवळायची आहे. खुर्चीत बसून, सांगून ओढलं की माणूस घाबरत नाही. हातात सुधारणा व्हायला पुढचं जवळजवळ सगळं वर्ष गेलं. आता अचानक ओढ बसली की मूठ आपोआप उघडायला हवी होती. वैशालीला तो हात जोडला, आणि चाचणीला हे पुन्हा दोन बस बदलून यायला लागले. त्यांचं काम एकच: ती ठोकळे उचलत असताना, चहा पीत असताना, माझ्याशी बोलत असताना मागून गुपचूप येऊन दोरी ओढायची. "मी आता बस आहे," ते म्हणायचे. सर त्यांच्याशी बोलत नसत, पण त्यांना येऊ नका असंही म्हणाले नाहीत. तेवढं धाडस प्रात्यक्षिकानंतर त्यांच्यात उरलं नव्हतं.

शेवटची चाचणी लोणी काळभोरला, खऱ्या गायीवर. ते आले नाहीत. "मी आलो तर ती माझ्यासाठी नीट करील. मला ते नकोय." मी एकटीच गेले. वैशालीने उजव्या हातात दावं धरलं आणि गाय पाण्यावर न्यायला काढली. रस्त्यावर एका ट्रॅक्टरने हॉर्न दिला. गाय उधळली, वैशाली एक पाऊल ओढली गेली, आणि मूठ उघडली. दावं सुटलं. गाय शेजाऱ्याच्या कांद्यातून पलीकडच्या उसात शिरली आणि वैशाली, तिचा नवरा, सासूबाई आणि मी असे चौघं तास-दीड तास ऊस तुडवत तिला शोधत होतो. माझी एक चप्पल उसातच राहिली.

गोठ्यापाशी आल्यावर मी त्यांना फोन लावला. "हात सुटला," मी म्हणाले. "चाचणी यशस्वी झाली."

"गाय सापडली का?"

"हो, आत्ताच."

"कांद्याचं काय झालं?"

"शेजारी बोलून राहिलेत."

या वेळी त्यांनी माझं मराठी सुधारलं नाही. मग म्हणाले, "तिला द्या."

वैशालीने फोन डाव्या हातात घेतला. ती बराच वेळ ऐकत होती. "व्हय," म्हणाली. मग पुन्हा "व्हय." मग मान खाली घालून हसली आणि फोन मला परत दिला. तोवर तो बंद झाला होता.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"ते आमचं आमचं हाय, मॅडम," ती म्हणाली, आणि गाय बांधायला गेली.